फणस, आंबा आणि आपापली नाकं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंचावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर पंख्याखालची जागा पकडून बसलेली १९८३ ची दहावीची बॅच.

संयोजकांनी मला सांगितलं, "एवढी वर्षं मुंबईत काय काम केलंस ते सांग, पण कंटाळा आणू नकोस." माझं काम दोन वाक्यांत सांगता येतं. खाण्याच्या पदार्थांना लागणारे वास तयार करणाऱ्या एका कंपनीत मी होते. बिस्किटातली वेलची, गोळीतलं संत्रं, आइस्क्रीममधला आंबा हे पुष्कळदा बाटलीतून येतं, आणि त्या बाटल्या भरणाऱ्यांपैकी मी एक. थोडक्यात, पगार नाकाचा होता. तेव्हा आज नाकाबद्दलच बोलते, आणि आपल्या मुलखात नाकाबद्दल बोलायचं तर फणसापासूनच सुरुवात करावी लागेल.

हे ऐकून माझ्या बाकावरच्या दोघी आत्ताच हसायला लागल्या. बाकीच्यांना कारण सांगते. मला पिकल्या फणसाचा वास सहन होत नाही. कापा एखाद वेळ चालवून घेते, पण बरका, म्हणजे आपला रसाळ, खळ्यात फोडला की मी मागच्या दारी. मालवणात जन्मून फणस न चालणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आजी म्हणायची, "फणसाक वास येवक नाय तर काय येतलो? तुझ्या नाकाक काय झाला?" शेजारच्या काकी म्हणायच्या, "नुसती थेरां." घरातले सगळे हाताला खोबरेल लावून गोल बसलेत, मध्ये गऱ्यांची रास, कुणी सांदणांसाठी रस काढतंय, आणि मी विहिरीपाशी. मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांच्यासमोर माझी ओळखच अशी करून देत, ही दुसरी मुलगी, हिला फणस चालत नाही.

मला नेमका कसला वास येतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगायला धीर झाला नसता. आज सांगते. आपले पी. टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट आठवतात? जुलैत भिजले की चार चार दिवस वाळायचे नाहीत, आणि शनिवारी सकाळी तसेच ओले पायात घालावे लागायचे. तो वास. त्यावर भरपूर साखर आणि थोडं पिकलं केळं. पिकलेला रसाळ फणस मला हुबेहूब असा येतो.

पुढे मुंबईला शिकायला गेले. हॉस्टेलवर एकीच्या भावाने परदेशाहून चीजचा डबा आणला होता. तो उघडल्याबरोबर मी खोलीच्या दारातून विचारलं, "फणस कुणी आणला?" नोव्हेंबर महिना होता. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की बूट, चीज आणि फणस या तिघांत काहीतरी एक सामाईक असलं पाहिजे. ते काय, हे समजायला आणखी सहा वर्षं आणि एक नोकरी लागली.

त्या तिघांतला दुवा आहे आयसोव्हॅलेरिक आम्ल नावाचं एक साधं आम्ल. पायाच्या घामावर जंतू वाढतात तेव्हा ते तयार होतं, मुरलेल्या चीजमध्येही असतं. या आम्लाचा अल्कोहोलशी संयोग झाला की त्याचं एस्टर होतं, आणि एस्टर झालं की वास पालटतो, फळासारखा गोड होतो. रसायनशास्त्रातली ही मोठी गमतीची गोष्ट आहे. ब्युटिरिक आम्ल घ्या. खवट लोणी, ओकारी, असा त्याचा वास. त्याचंच इथाइल एस्टर केलं की अननस! अननसाच्या गोळ्यांत आम्ही ते सर्रास वापरत असू. पिकल्या फणसाच्या वासात आयसोव्हॅलेरिक आम्लाची एस्टरं भरपूर असतात, शिवाय केळ्याच्या वासाचीही काही असतात. बहुतेकांच्या नाकाला ते एस्टर जाणवतं आणि तोंडाला पाणी सुटतं. माझं नाक मात्र त्या एस्टरच्या पाठीमागे उभं असलेलं आम्ल पकडतं, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणते, पण त्याला आधार आहे. नोकरीत लागले तेव्हा आमची नाकं तपासली गेली. पद्धत अशी की तीन कुप्या समोर ठेवतात. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी ओळखायची. दर फेरीला वास पातळ, आणखी पातळ करत नेतात. बाकीच्या वासांत मी चारचौघींसारखीच निघाले, एका वासात तर सगळ्यात मागे. पण या आम्लाच्या कुप्या आल्या तेव्हा इतरांना नुसतं पाणी वाटत होतं तिथेही मला बूट येत होते. आमच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, दुधाच्या आणि चीजच्या वासांचं काम हिच्याकडे द्या. ज्या नाकाने मला विहिरीपाशी बसवलं, त्या नाकाने मला डोंबिवलीत दोन खोल्या घेऊन दिल्या.

२००७ साली इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी याच आम्लाबद्दल एक निबंध प्रसिद्ध केला. काही माणसांची नाकं या एका वासाला इतरांपेक्षा कितीतरी तीव्र असतात, आणि त्याचा संबंध नाकातल्या एका ठरावीक ग्राहकाच्या जनुकाशी लागतो, असं त्यांना आढळलं. ती बातमी वाचली तेव्हा आजी हयात नव्हती. नाहीतर मी गाडी पकडून आले असते.

ग्राहक म्हणजे काय ते सांगते. नाकाच्या आत वरच्या बाजूला वास घेणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्यावर वासाचे कण पकडणारी प्रथिनं असतात. माणसात त्यांचे जवळजवळ चारशे प्रकार आहेत. हे प्रकार घडवणारी जनुकं रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ साली शोधली आणि त्यासाठी २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. एक ग्राहक म्हणजे एक वास असं नसतं. दशावताराच्या पेटीवाल्याला आठवा, एका वेळी तीन-चार पट्ट्या दाबून तो सूर भरतो. तसं एका फळाच्या वासात अनेक पट्ट्या दाबल्या जातात. आता गंमत अशी की प्रत्येकाच्या पेटीत काही पट्ट्या मुक्या असतात, काही जरा जास्त जोराने वाजतात, आणि कुठल्या त्या माणसागणिक वेगळं. २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांच्या ग्राहकांपैकी सुमारे ३० टक्के ग्राहक कामाच्या दृष्टीने वेगळे निघतात. समोरचा फणस एकच, पण तुमच्या नाकात वाजणारं गाणं आणि माझ्या नाकात वाजणारं गाणं एक नाही.

या भाषणाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी आपल्यापैकी दहा-बाराजणांना फोन केले आणि विचारलं, असं एखादं फळ आहे का, जे तुम्हाला इतरांपेक्षा वेगळंच लागतं? आधी सगळे "नाही" म्हणाले. मग माझ्या बुटांची गोष्ट सांगितली, आणि एकेक बोलायला लागला. नावं सांगणार नाही, तसं कबूल केलं आहे.

एकीला पपईला तान्ह्या बाळाने ओकलेल्या दुधाचा वास येतो. लग्न होऊन पपईच्या बागा असलेल्या घरात गेली, आणि इतकी वर्षं घरात कुणाला सांगितलेलं नाही. तिला मी फोनवरच सांगितलं की तू वेडी नाहीस. पपईत मिथाइल ब्युटिरेट असतं, त्या खवट लोण्याच्या आम्लाचंच भावंड. पपईच्या जातीजातींत ते कमी-जास्त असतं. शिवाय पपईच्या बियांत आणि चिकात मोहरीसारखा झणझणीत एक पदार्थ असतो, बी चावून बघा म्हणजे कळेल. ज्याचं नाक यातल्या एखाद्या पट्टीला तीव्र आहे त्याला पपई नकोशी होणं अगदी साहजिक आहे, आणि जगभर अशी माणसं आहेत.

दुसऱ्या एकाला पिकल्या पेरूत मांजर येतं. पेरू घरात आणला की तो मांजराला शोधायला लागतो. हेही खरं आहे. पेरूच्या वासात गंधकयुक्त पदार्थांचे अगदी बारीक अंश असतात. पातळ असताना ते फळासारखे छान वाटतात, तेच दाट झाले की घामाचा किंवा मांजराच्या मुताचा वास येतो. आपल्या मोगऱ्यातसुद्धा इंडोल नावाचा पदार्थ आहे, तो एकटा आणि दाट हुंगला तर विष्ठेची आठवण होते. मुंबईत ती बाटली उघडायची पाळी आली की आम्ही चिठ्ठ्या टाकायचो.

तिसऱ्याने सांगितलं की केळं खाल्लं की घशात खाज येते, हा पण वेगळाच वास का? नाही बाबा, हा वासाचा मामला नाही, ही अॅलर्जी असू शकते, तू डॉक्टरकडे जा. आपल्या दोडामार्गाकडे रबराची लागवड आहे. रबराच्या चिकाची अॅलर्जी असलेल्यांना केळं आणि पपईही बाधू शकते. आंब्याच्या चिकाने ओठ उततात तेही वेगळं. त्याला चव म्हणत नाहीत.

चवीचं एवढंच सांगते की जिभेला फार थोडं कळतं. गोड, आंबट, खारट, कडू, आणि मांसाच्या किंवा सुक्या मासळीच्या रश्शात लागते ती पाचवी चव. बोंडू खाताना तोंड आखडतं तो तुरटपणा म्हणजे लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटून बसतात, तो खरं म्हणजे स्पर्श आहे. बाकी आपण ज्याला आंब्याची चव म्हणतो ती घशाच्या मागून नाकात चढणारी वाफ. नाक घट्ट धरून हापूसची फोड खाऊन बघा, नुसती साखर आणि थोडी आंबट. मग नाक सोडा. म्हणूनच नाक धरून फणसाचे गरे मी आजही खाऊ शकते. पाहुण्यांसमोर आईची मान खाली जाऊ नये म्हणून पाचवीतच ही युक्ती शोधली होती, फक्त खाताना सर्दी झाल्याचं नाटक करावं लागायचं.

माणसामाणसातल्या या फरकाकडे शास्त्राचं लक्ष गेलं ते अपघाताने. १९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाचे रसायनतज्ज्ञ पीटीसी नावाची भुकटी हाताळत होते. थोडी हवेत उडाली. शेजारी काम करणारा म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागलं नाही. दोघांनी भुकटी जिभेवर ठेवून पाहिली, तरी तेच. पुढे कळलं की हा फरक आईबापांकडून येतो, आणि त्यामागचं जनुक २००३ साली सापडलं. आपल्यापैकी जे सायन्सला गेले त्यांनी कॉलेजात पीटीसीच्या कागदाच्या पट्ट्या चाटल्या असतील. वर्गातला एकजण "थू" करायचा आणि दुसरा म्हणायचा, हा कागद आहे नुसता. भांडण व्हायचं, आणि दोघंही खरे असायचे.

न्यूझीलंडमध्ये २०१३ साली सुमारे दोनशे माणसांना खाण्यातले दहा वास देऊन पाहिले. चार वासांच्या बाबतीत जनुकांतला फरक स्पष्ट सापडला. मला त्यातलं दुसरं निरीक्षण जास्त आवडतं. एका वासाला तीव्र असलेलं नाक दुसऱ्या वासाला तीव्र असेलच असं नाही. म्हणजे "हिचं नाकच तिखट" हे आजीचं म्हणणं शास्त्राला मंजूर नाही. माझं नाक एका जागी तिखट आहे आणि दुसऱ्या जागी मठ्ठ. कोथिंबिरीचंही तसंच. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. हे मराठी माणसाला पटणं अवघड आहे, पण आमच्या ऑफिसात अशी एक होती, आणि ती कोल्हापूरची होती.

सगळं जनुकांवर टाकायचं कारण नाही, सवयही आहेच. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांबद्दल लिहिलंय. फणस त्याला दिसायला कुरूप आणि चवीला वाईट वाटला. मेंढ्याच्या पोटाची उलटी केलेली पिशवी दिसते तसा दिसतो, आणि गोड इतका की मळमळावं, असा त्याचा शेरा आहे. चिकट असल्यामुळे लोक हाताला आणि तोंडाला तेल लावून खातात हेही त्याने टिपून ठेवलं आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा मध्य आशियातला राजा आणि आमची पडवी, दृश्य तेच! आंब्याचीही लोक करतात एवढी स्तुती त्याला पटली नाही. त्याचं नाक खरबुजांवर वाढलेलं. मी मात्र हा उतारा सापडला तेव्हा लाडू वाटायच्या बेतात होते. इतक्या वर्षांत मला मिळालेला हा पहिला साथीदार, आणि तोही बादशहा.

आता आंबा. आंब्याबद्दल बोलताना मला थोडं थांबावं लागतं.

आमची कलमांची बाग तुमच्यापैकी काहींनी पाहिलेली आहे. हापूसची कलमं, कडेला सात-आठ रायवळ. रायवळ झाडांना आमच्या घरात वासावरून नावं होती. एक खोबऱ्या, एक शेप्या, एक केळ्या. आणि एक होता त्याला वडील "रंगवाला" म्हणत, कारण त्याचा आंबा चोखला की होडी रंगवताना येतो तसा टर्पेंटाइनचा वास यायचा. लहानपणी वाटायचं ही वडिलांची थट्टा. नोकरीत गेल्यावर कळलं की आंब्याच्या वासाचा पाया टर्पीन नावाच्या पदार्थांचा आहे, आणि त्यातले काही टर्पेंटाइनमध्येही असतात. ज्यांना आंबा "रॉकेलसारखा" लागतो ते काही चुकीचं सांगत नाहीत. खोबऱ्याचंही तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी हापूसच्या वासाचा बारकाईने अभ्यास केला आहे. कैरी असल्यापासून टर्पिनं असतातच, पण लॅक्टोन आणि फ्युरानोन हे पदार्थ फळ पिकतानाच येतात. लॅक्टोनला खोबऱ्यासारखा, सायीसारखा वास असतो, फ्युरानोनला जळक्या साखरेचा. कच्च्या पेटीतला आंबा आणि अढीतून काढलेला आंबा यांच्यातला फरक म्हणजे मुख्यतः हा.

वडिलांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं आणि सगळं येत होतं. माळ्यावर भाताच्या पेंढ्यात अढी घातलेली असे. खालच्या ओटीवर बसून ते सांगायचे, "उद्या उघडूया." वर जाऊन बघायचे नाहीत. वाशीला पेटी जायची ती कच्ची, तिथे हाताचं काम. घरच्या अढीला मात्र नाक. साका आतून धरलेला असला तर नाकालाही कळत नाही, ते त्यांचं कायमचं दुःख होतं, आणि सगळ्या बागायतदारांचं आहे.

१९९८ च्या हंगामात ते पहिल्यांदा म्हणाले, "औंदा आंब्याक वास नाय." पाऊस लांबला होता का, खत बदललं होतं का, फवारणी जास्त झाली का, यावर घरात चर्चा झाली. पुढच्या वर्षीही तेच. मग ते दरवर्षीच म्हणायला लागले, आणि गावातले वयस्कर लोकही त्यांना दुजोरा द्यायचे, कारण पूर्वीच्या आंब्यासारखा आंबा राहिला नाही हे कोकणात कुणालाही पटतं. चहात आलं नाही, मासळीला वास नाही, अशा तक्रारी सुरू झाल्या. आई सुगरण, तिला ते लागायचं. घरात बारीकसारीक धुसफूस असायची.

२००६ साली त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चालताना एक पाय ओढल्यासारखा व्हायचा. मुंबईत मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात पाहिला, चालायला लावलं, सही करायला लावली, आणि मग विचारलं, "काका, वास येतो का तुम्हाला?" वडील म्हणाले, "आठ वर्षांमागे आंब्याचो वास गेलो." डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं.

पार्किन्सनचा आजार होता. या आजारात बहुतेक रुग्णांची वास घेण्याची शक्ती कमी होते, आणि पुष्कळदा ती हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी जाते. जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी २००३ साली मांडलं की या आजाराचे मेंदूतले बदल अगदी सुरुवातीला ज्या भागांत दिसतात त्यात वासाचं केंद्र आहे. आता लगेच घाबरू नका. आपण सगळे साठीच्या आसपास आहोत, आणि वयाबरोबर नाक मंद होणं नेहमीचं आहे. सर्दी, नाकातली गाठ, तंबाखू, डोक्याला लागलेला मार, कशानेही वास जातो. वास गेला म्हणजे पार्किन्सन झाला असं अजिबात नाही. पण कारण नसताना वास गेला असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण ते बहुतेक वेळा विचारत नाहीत. डोळे तपासायला आपण जातो, कानांचं यंत्र घेतो, नाकाचं कुणी बोलतही नाही.

गोळ्यांनी वडिलांचा हात बराच सावरला. नाक परत आलं नाही. आंबा ते खात, पण "साखर" म्हणत. अढी उघडायची वेळ झाली की माझ्या मुलीला माळ्याच्या शिडीखाली उभं करायचे. "बघ गो, वास सुटलो काय?" ती तेव्हा सात-आठ वर्षांची. ती म्हणायची "थोडा", ते विचारायचे, "थोडो म्हणजे कैरीचो की खोबऱ्याचो?" त्यांनी दोन उन्हाळ्यांत तिला ते सगळं शिकवलं, मला जे कंपनीने पगार देऊन शिकवलं त्यापेक्षा चांगलं. फणस फोडला की आता तेही उठून माझ्याबरोबर मागच्या दारी यायचे. म्हणायचे, "माका काय कळणा नाय, थय बसान काय करू?" विहिरीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसायचो. मला नको इतका वास, त्यांना काहीच नाही. २०१४ साली ते गेले.

वास तपासण्यासाठी अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली चाळीस वासांची एक पुस्तिका तयार केली, खरवडायचं आणि हुंगायचं. चांगली चाचणी आहे, जगभर वापरतात. पण त्यात भोपळ्याचा पाय आणि रूट बिअर असले वास आहेत. मालवणच्या माणसाने रूट बिअर ओळखली नाही तर त्याच्या नाकाचा काय दोष? वडिलांसाठी मी घरीच आपल्याकडच्या वासांच्या डब्या केल्या होत्या. हिंग, लवंग, खोबरेल, आमसूल, सुकी सुंगटं, रॉकेल. ती काही वैद्यकीय चाचणी नव्हती. त्यांना लवंग थोडी कळायची आणि रॉकेल टोचायचं, पण ते टोचणं वेगळ्या मज्जातंतूचं काम, वासाचं नव्हे.

कोविडमध्ये आपल्यातल्या किमान चौघांचा वास गेला होता. तिघांचा आला. चौथ्याचं, जो हॉटेल चालवतो, त्याचं विचित्र झालं. वास परत आला तो वाकडा. कॉफीला जळक्या रबराचा, कांदा परतला की गटाराचा. स्वयंपाकघरात उभं राहता येईना. त्या विषाणूने वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी बिघडवल्या, आणि मज्जातंतू पुन्हा वाढताना जोडण्या नीट लागल्या नाहीत की असं होतं. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक साधा सराव सुचवला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, एकेक करून, मन लावून हुंगायचे. काही महिने. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण अपाय काही नाही आणि खर्च जवळपास नाही. आपल्या मित्राने सात महिने केला. आता कांदा पूर्वीसारखा येतो, कॉफी अजून नाही. चहाच पितो, काही बिघडलं नाही.

बोलण्याची वीस मिनिटं संपत आलेली दिसतात, सरांनी घड्याळ पाहिलं. शेवटचं एकच काम. मागच्या भिंतीशी, जिथे पूर्वी आपलं नकाशांचं कपाट होतं तिथे, मी टेबलावर आठ डब्या झाकून ठेवल्या आहेत. शेजारी कागद आणि पेन्सिली आहेत. जेवायला जायच्या आधी प्रत्येकाने एकेक डबी हुंगायची आणि काय वास आला ते लिहायचं. फळाचं नाव लिहिलंत तरी चालेल, पण मला ते नको आहे. मला बूट, मांजर, ओकलेलं दूध, होडीचा रंग, जे येईल ते हवं आहे. शेजारणीच्या कागदात बघायचं नाही, इथे कॉपी करून काही मार्क मिळणार नाहीत. कागदावर स्वतःचं नाव घालू नका. एखाद्या डबीला काहीच वास आला नाही तर रेघ मारा, आणि चार-पाच डब्यांना रेघ आली तर संध्याकाळी मला बाजूला घेऊन सांगा.

पहिला मान सर आणि बाईंचा. सहा नंबरच्या डबीत रसाळ फणस आहे, हे आधीच सांगून ठेवते. तेवढं झाकण मात्र लगेच बंद करा, मी तिथेच उभी असणार आहे.